बर्फात रुतलेली गाडी

दणकून पाऊस झाल्यावर काळ्या रानात गाडी घातली तर काय गत होते, हे तुम्हांला सांगायला नको. चाक जितके फिरवावे तितके खोल जाते. हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यातला बटाटा-वाटाणा पिकवणारा शेतकरी हिवाळ्यात हेच भोगतो. चिखलाच्या जागी बर्फ, एवढाच फरक. पूर्वी रोहतांग खिंड बर्फाने मिटली की हे खोरे महिनोन्‌महिने तुटलेले असे. २०२० साली नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि हिवाळ्यातही मनालीची वाट बरीचशी खुली झाली. बोगद्यात बर्फ नाही खरे, पण बाहेर येताच तो आहेच!

अशा वाटेवर फोर-व्हील पिकअप कामाची. इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळतो, म्हणून साधी गाडी जिथे जागीच फिरते तिथून ही निघते. पण नवा माणूस इथेच फसतो. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात! म्हणजे निघायला जोर जादा, थांबायला फायदा काहीच नाही. म्हणून उतारावर खालचा गिअर टाकून, ब्रेकला हलकेच पाय लावत उतरावे. चाकांना साखळ्या असल्या तर उत्तमच.

रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो आणि तो घसरतो. त्यासाठी मागच्या आसावर वाळूची पोती टाकतात. गाडी अडकलीच तर तीच वाळू चाकाखाली पसरता येते. चाक गरगर फिरवू नये. बर्फ वितळून खाली काच तयार होते. थोडे पुढे, थोडे मागे, असे झुलवत गाडी काढावी. मात्र गाडीचे पोट बर्फावर टेकले की चाके अधांतरी होतात. मग गिअर कोणताही टाका, आधी फावडेच चालवावे लागते.

आणि गाडी निघालीच नाही तर? माणसे काचा लावून, इंजिन चालू ठेवून उबेला बसतात. बर्फाने धुराची नळी बुजली की कार्बन मोनॉक्साइड हा वायू आत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावाजवळ बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसे दगावली. थंडीबरोबर या वायूचाही त्यात हात असावा, असे तेव्हा सांगण्यात आले.

तुमचा मुलगा फौजेत ड्रायव्हर असेल किंवा घरचे कोणी थंडीत मनालीला निघाले असेल, तर त्याला एवढे जरूर सांगा: आधी नळीभोवतीचा बर्फ काढ, मग इंजिन लाव. तेही तासाला दहा मिनिटे, एक काच बोटभर उघडी ठेवून. बर्फ पडतच असेल तर दर वेळी उतरून नळी पाहायची. आणि फावडे मागच्या हौद्यात नको, पायाशी केबिनमध्ये ठेव. हौदा बर्फाने भरल्यावर ते उकरून काढायला दुसरे फावडे कुठून आणणार?