फौजेच्या कागदावरचं नाव

वेळणेश्वरच्या माजी सैनिकाचं पेन्शन गावाजवळच्या बँकेत जमा होत असलं, तरी नावातली चूक तिथे दुरुस्त होत नाही. तो मराठा लाइट इन्फंट्रीतला असेल तर मूळ नोंदी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात. नौदलातला खलाशी असेल तर मुंबईत, मानखुर्दला.

सर्वाधिक घोळ बायकोच्या नावाचा. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली रीत. मग फौजेच्या कागदावर ‘सुमन’, आधारवर ‘सुनंदा’. नवरा हयात असेपर्यंत कुणाला खटकत नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी मात्र घोडं अडतं. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, आधार, डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या (पेन्शन पेमेंट ऑर्डरच्या) प्रती जोडून अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे करावा. पोच जपून ठेवावी.

स्वतःची जन्मतारीख बदलणं महाकठीण. भरतीच्या वेळी लिहिली, तीच बहुधा कायम. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांनाही १९५० चं १९५१ करून घेता आलं नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातली याचिका त्यांनी मागे घेतली.

अर्जासाठी रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते. बायकोच्या नावाचं काम मात्र सैनिकाने स्वतःच, हयातीत उरकावं.