आकड्यांतून रोग शोधणारे डॉक्टर

पटकी, प्लेग यांसारखे रोग कसे पसरतात याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला साथरोगशास्त्र म्हणतात. कर्करोग किंवा दमा यांची अशी साथ येत नाही. हे रोग वर्षानुवर्षे माणसाच्या सोबत राहतात. पण त्यांची कारणेही याच शास्त्राने शोधता येतात, हे सर रिचर्ड डॉल (१९१२-२००५) या इंग्रज डॉक्टरांनी दाखवून दिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये फुप्फुसांच्या कर्करोगाने मरणाऱ्यांची संख्या फार वाढली होती. मोटारींचा धूर किंवा रस्त्यांवरचे डांबर याला कारण असावे, असे डॉल यांना प्रथम वाटले. त्यांनी व संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी रुग्णालयांतील रोग्यांना त्यांच्या सवयी विचारल्या. कर्करोग झालेले ६४९ पुरुष आणि इतर आजारांचे तितकेच पुरुष यांची तुलना केली. पहिल्या गटात धूम्रपान न करणारे केवळ २ निघाले, तर दुसऱ्या गटात २७. हे संशोधन १९५० साली प्रसिद्ध झाले. डॉल स्वतः सिगारेट ओढत असत. हे आकडे पाहून त्यांनी ती सोडली.

तरीही अनेकांना हे पटेना. म्हणून १९५१ मध्ये दोघांनी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच पत्रे पाठवली. ही निवड मोठी हुशारीची होती! डॉक्टरांची नावे सरकारी यादीत असतात. त्यामुळे कोण केव्हा व कशाने वारला, हे पुढे कळू शकते. ४० हजारांहून अधिक उत्तरे आली. त्यांवरचे काम ५० वर्षे चालले. सिगारेट ओढत राहणारे पुरुष सरासरी १० वर्षे लवकर मरतात, असे २००४ साली जाहीर झाले.

औषधांकडेही डॉल यांनी याच नजरेने पाहिले. १९६० नंतर ब्रिटनमध्ये दम्याने मरणारी मुले एकाएकी वाढली. त्यांत १० ते १४ वर्षांची, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाची मुले पुष्कळ होती. दमा तर जुनाच आजार. मग नवे काय घडले होते? डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मरण पावलेल्या रोग्यांच्या औषधांची चौकशी केली. बहुतेकांनी तोंडाने ओढून घ्यायचा औषधी फवारा वापरला होता. तो त्या काळी नवा होता व दुकानात सहज मिळे. काहींनी तो प्रमाणाबाहेर घेतला होता. १९६७ मध्ये डॉक्टरांना सावधगिरीची सूचना गेली. १९६८ पासून चिठ्ठीशिवाय तो विकणे बंद झाले आणि मृत्यूंची संख्या उतरू लागली. आज दम्यासाठी देतात ते फवारे वेगळ्या औषधांचे असतात. डॉक्टरांनी सांगितलेला फवारा भीतीने बंद करणे उलट धोक्याचे आहे.