गीझर हलवताय? आधी भिंत ठोकून बघा

बाथरूमचं काम निघालं किंवा भाड्याचं घर बदललं की गीझरचीही जागा बदलते. प्लंबर, वायरमन, सामान असा खर्च पुढे दिसू लागला की वाटतं, आपणच का करू नये? बरंचसं करता येतं. पण कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही, हे आधी ठरवावं.

मेन स्विच बंद करायचा, पाणी गार होऊ द्यायचं, वरच्या टाकीच्या पाण्याचा कॉक बंद करायचा. मग गीझर रिकामा करताना बहुतेकांची पंचाईत होते. गरम पाण्याचा नळ सोडला तरी पाणी येतच नाही. उभ्या गीझरमध्ये गरम पाण्याची नळी आतून थेट वरपर्यंत गेलेली असते. गार पाणी तळाशी शिरतं, तापलेलं वरून बाहेर पडतं. म्हणून निळ्या खुणेकडचा सेफ्टी व्हॉल्व्ह खोलायचा, लाल बाजू हवेसाठी उघडी ठेवायची आणि खाली बादली लावायची. याच रचनेमुळे उभा गीझर आडवा टांगू नये.

नव्या जागी खरा प्रश्न भिंतीचा. 15 लिटरचा गीझर भरला की वजन 20 किलोंच्या वर जातं. पक्क्या विटांत किंवा काँक्रीटमध्ये अँकर फास्टनर घट्ट बसतो. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत मात्र भोक भुगा होऊन सैल पडतं. तिथे आरपार बोल्ट घेऊन मागून लोखंडी पट्टी लावलेली बरी. जागा जुन्या पाइपच्या जवळच निवडा. सामान कमी लागतं, आणि रोज लांब पाइपातलं गार पाणी सोडून द्यावं लागत नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह परत बसवायचाच. त्यातून थेंब पडतात म्हणून भोक बुजवणं जिवावर बेतू शकतं, कारण वाढलेला दाब तिथूनच सुटतो.

विजेचं काम परवानाधारक वायरमनकडेच द्या. 2000 वॅटचा गीझर जवळपास 9 अँपिअर खेचतो. त्याला 16 अँपिअरचा पॉइंट, बोर्डापासून स्वतंत्र वायर आणि चालू अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच. बचत करायची तर ड्रिलिंग आणि जोडणीत करा.

शेवटी कॉक उघडून गरम नळ सोडा. आधी फुरफुर करत हवा निघेल. धार एकसारखी झाली, सांधे कोरडे राहिले, की मगच स्विच दाबा. रिकाम्या टाकीत हीटिंग एलिमेंट काही मिनिटांत जळतं.