ट्रंकेतले कागद आणि भीमेकाठचे फोटो



वार्षिक सभेच्या मंडपाशेजारी जुन्या फोटोंचे व कागदपत्रांचे छोटेसे प्रदर्शन मांडावे, असे ठरले आणि मागील अंकात आम्ही तसे आवाहन केले. खरे सांगायचे तर दहा-पाच फोटो येतील, एवढीच आमची अपेक्षा होती. प्रत्यक्षात गट ऑफिसांतून तीन पोती भरून ऐवज आला. लग्नाचे फोटो आले, बैलजोडीचे आले, मोडीतली खते आली, तगाईच्या पावत्या आल्या. एका सभासदांनी तर आजोबांची ट्रंकच कुलपासकट आणून ठेवली आणि म्हणाले, "किल्ली गावंना, तुम्हीच काय ते बघा."

ते आम्ही बघितले. महिनाभर संध्याकाळी बसून बघितले, मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना सोबत घेतले, आणि जे ध्यानात आले त्यातले थोडे या पानांवर मांडत आहोत.

आपला मुलूख भीमेकाठचा. इंदापूर, करमाळा, माढा या पट्ट्यातल्या कागदांचा विषय निघाला की आरंभ सरकारी मोजणीपासूनच करावा लागतो. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने १८२८ ते १८३० या काळात प्रिंगल साहेबाकडून पुणे जिल्ह्यात सारा ठरवून घेतला. तो इतका जड बसला की लोकांनी जमिनी पडीक टाकल्या, काहींनी गावेच सोडली. मग १८३६ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने आकारणी केली, ती ३० वर्षांसाठी. पुढे मुंबई इलाखाभर जी जमाबंदी झाली, तिचा पहिला धडा आपल्या इंदापुरात गिरवला गेला आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचे १६ भाग, म्हणजे १६ आणे. साखळीचा चौरस तो गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आपण आज बांधावरून भांडतो ते याच साखळीच्या हिशोबाने! मोजणीदार शेतात ठिकठिकाणी मातीची खोली बघायचा, रंग बघायचा आणि आण्यांत प्रत लावायचा. त्यातून दोष वजा व्हायचे. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी न मुरणे, पुराचे पाणी अंगावर येणे, जमिनीतून पाणी उपळणे, असे ते दोष. ज्यांच्या जमिनी आज पाणथळ व चोपण झाल्या आहेत, त्यांनी आपल्या गटाचे जुने प्रतवारीचे कागद एकदा अवश्य पाहावेत. उपळटाचा दोष तेव्हाचाच आहे की उसाला पाट फोडून पाणी दिल्यावर आला, हे त्यावरून बरेचसे कळते. आमच्या समजुतीप्रमाणे चर काढण्याआधी करायचे हे पहिले काम आहे, आणि त्याला खर्चही नाही.

३० वर्षे सरली, १८६७ च्या सुमारास फेरआकारणी झाली आणि सारा चढला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव १८६५ नंतर कोसळला होता. सावकाराचे व्याज मात्र कोसळले नव्हते. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुपे गावात शेतकरी उठले. सुपे आता बारामती तालुक्यात आहे. तेथून लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांच्या इतर गावांत गेले. या दंग्यांत लोकांचा मुख्य रोख होता तो सावकाराच्या दप्तरावर. खते, रोखे, हुकूमनामे बाहेर काढायचे आणि चव्हाट्यावर पेटवायचे. कागद हाच त्यांना वैरी वाटला, आणि त्यात त्यांची चूक होती असे कोण म्हणेल? खतात काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. खाली सहीच्या जागी नांगराची निशाणी काढायची आणि घरी यायचे.

अशी नांगराची निशाणी असलेली दोन खते या वेळी आमच्या हाती आली. शाई तांबूस पडली आहे, पण नांगर स्वच्छ दिसतो. हात थरथरला असावा, कारण एका नांगराचा रुमणा वाकडा गेला आहे. १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांना तो लागू झाला, आणि खत करायचे तर ते नोंदणी करणाऱ्या कामगारासमोर लिहून घ्यावे असे ठरले. जाळलेल्या कागदांनी सरकारला एवढे तरी शिकवले.

आता रेल्वेकडे येऊ. पुण्याहून आगगाडी आपल्याकडे १८५८ साली डिकसळपर्यंत आली, १८५९ ला बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, आणि १८६० ला सोलापूरला पोचली. गंमत अशी की तेव्हा बोरघाट पुरा झालेला नव्हता! मुंबईचा माणूस घाटाच्या पायथ्याला उतरायचा, पालखीने वा गाडीने खंडाळ्याला चढायचा आणि मग पुन्हा आगगाडीत बसायचा. घाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्या कामाचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या साहेबाकडे आला होता. तो इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. बाई फोटोही काढत असे. डोंगर फोडलेल्या खिंडी आणि पुलांचे खांब असे तिने काढलेले बोरघाटाचे फोटो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही जपलेले आहेत. एका वेळी ४२ हजारांवर माणूस त्या घाटात खपत होता. पटकीने आणि अपघातांनी किती गेले, त्याची तर गणतीच नको. ठेकेदाराचे नाव राहिले, इंजिनिअरांची राहिली, फोटो काढणाऱ्या बाईचेही राहिले. खिंडीत पहार घेऊन उभा असलेला माणूस कोणत्या गावचा, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. हा मुद्दा सभासदांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याच्याकडेच यायचे आहे.

कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी छोटी गाडी आमच्या पिढीने पाहिली आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ती १८९७ साली सुरू केली. रूळ अडीच फुटांचे. पुढे १९०६ ला ती पंढरपूरला, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला पोचली. वारकऱ्यांना तिचा केवढा आधार होता! (याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारण्याची छत्री तयार केली. आगगाडीतून विमानाकडे डोके कसे वळले, देव जाणे.) १९५४ साली ही लाईन सरकारजमा झाली आणि अलीकडे सगळी ब्रॉडगेज झाली. तिचे तिकीट आमच्याकडे दोघांनी आणून दिले, एकाने तर पाकिटात जपलेले.

जंगलाचा विषय आपल्याकडे म्हणजे बाभळीचा विषय. सह्याद्रीतल्यासारखे साग-शिसव इथे नाहीत. पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८५ साली छापले गेले, त्यात नदीकाठच्या बाभूळबनांचा उल्लेख सापडतो. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव आणि संरक्षित रान अशी वाटणी झाली आणि कुऱ्हाड घेऊन सरकारी रानात शिरणारा माणूस गुन्हेगार ठरू लागला. पण बाभळीशिवाय शेतकऱ्याचे पान हलत नव्हते. गाडीचे आरे बाभळीचे, औत-नांगर बाभळीचे, उसाचा जुना लाकडी चरक बाभळीचा, आणि चुलवाणाखाली चिपाडे-पाचट पुरले नाही की जळण तेही बाभळीचेच. किर्लोस्करांचे लोखंडी चरक आले तेव्हा लाकडी चरक मोडीत निघाले, तरी काहिलीखालची आग काही लोखंडावर पेटत नाही. उसाने रान खाल्ले, हे आपण ऊसकऱ्यांनीच कबूल केलेले बरे. आज बॅकवॉटरच्या काठाने जी झुडपे माजली आहेत ती वेडी बाभूळ, बाहेरून आलेली. एका फोटोत गुऱ्हाळामागे गावठी बाभळींची रांग दिसते. त्या खोडांना दोन माणसांची कवळ लागावी. तेवढी बाभूळ कोणाच्या बांधावर आज असल्यास आम्हांस जरूर कळवावे, आम्ही पाहायला येऊ.

आणि मग उजनी. धरण १९८० साली पुरे झाले. आपल्या शिवारातला हिरवा ऊस त्या पाण्यावर उभा आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याच पाण्याखाली गावठाणे गेली, नदीकाठची काळी गेली, बाभूळबने गेली. रेल्वेचा मार्गही हलवावा लागला आणि डिकसळचा जुना पूल गाड्या-मोटारींना राहिला. पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ पाणी तळाला गेले की उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उघडे पडले, तेव्हा लोक मोटारी करून बघायला गेले. तिथे सेल्फी काढणाऱ्या पोरांच्या मागे एक म्हातारे गृहस्थ काठीने जमिनीवर रेघा ओढत होते. आम्ही विचारले, "तात्या, काय चाललंय?" म्हणाले, "घर शोधतोय. देवळापासून पावलं मोजली की सापडतंय."

कागदाची किंमत इथे कळते. राज्याने १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा केला. कोणाला लाभक्षेत्रात जमीन मिळाली, कोणाचे प्रकरण तसेच लोंबकळत राहिले. आज नातवाला प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढायचा म्हटले की संपादनाच्या वेळचा सात-बारा, फेरफार, मोबदल्याचा कागद आणि वारसाची नोंद लागते. एका सभासदाच्या घरी हे सगळे होते, एका पिशवीत, कडुलिंबाच्या पाल्यात. दुसऱ्याच्या घरी वाळवीने फस्त केले होते. तो कचेरीत नक्कल मागायला गेला तर पावसात भिजलेल्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून त्याला परत पाठवले. नव्वद वर्षांपूर्वीचा कागद ट्रंकेत शाबूत राहतो आणि चाळीस वर्षांपूर्वीचा कपाटात कुजतो, याला काय म्हणावे? अलीकडे जुने सात-बारा व फेरफार काही जिल्ह्यांत स्कॅन होऊन संगणकावर मिळू लागले आहेत, ही चांगली गोष्ट झाली. तरीही ज्याच्या घरी मूळ कागद आहे त्याने तो रद्दीत टाकू नये. मोडी वाचता येत नाही म्हणून तर मुळीच टाकू नये.

फोटोंचे दुखणे निराळे. आपल्या कारखान्याच्या पहिल्या मोळीचा फोटो सर्वांनी पाहिला आहे, ऑफिसात लावलेलाच आहे. पाहुण्यांची नावे खाली छापली आहेत. पण गव्हाणीजवळ मोळी हातात देणारा, डोक्याला मुंडासे बांधलेला माणूस कोण, हे आम्ही दहा जुन्या सभासदांना विचारले आणि कोणालाच सांगता आले नाही. बोरघाटातला पहारवाला आणि आपला मोळीवाला एकाच रांगेत जाऊन बसले. एकाचा फोटो साहेबाच्या बायकोने काढला होता. दुसऱ्याचा तर आपणच, आपल्याच कारखान्यात काढला.

या ढिगात आणखी एक फोटो निघाला. गाव उठताना काढलेला. बैलगाडीवर दाराची चौकट, तुळया, जाते, वर बसलेली दोन लहान मुले, जुवाजवळ एक माणूस आणि मागे चालणाऱ्या बाया. पाठीमागे काही लिहिलेले नाही. तो घेऊन आम्ही नव्या गावठाणात एका आजींकडे गेलो. वय नव्वदीच्या घरात. त्यांनी फोटो उन्हात धरला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "माणसं न्हाय वळखत मला आता. पर ह्यो बैल आमचा पाखऱ्या. उजवं शिंग बघा, हिरीवर घासून बोथाटलेलं. म्हंजे ही गाडी आमची. आन् म्हंजे वरची ती पोरगी…" पुढे आजी बोलल्या नाहीत. चहा झाल्यावर त्यांनी तिचे नाव सांगितले. आम्ही ते तिथल्या तिथे फोटोच्या पाठीवर लिहिले.

सर्व सभासदांस विनंती की फोटोमागे नाव, गाव आणि अंदाजे साल पेन्सिलीने लिहावे. बॉलपेनची शाई पुढे उमटते. चिकटपट्टी लावू नये, जुना कागद लॅमिनेट करू नये, कसर लागू नये म्हणून डबा कोरडा ठेवावा. मोबाईलवर पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू टिपून ठेवाव्यात. प्रदर्शनासाठी दिलेला प्रत्येक ऐवज गट ऑफिसातून पोच घेऊन परत मिळेल.

बैलगाडीचा फोटो या अंकाच्या मलपृष्ठावर छापला आहे. दुसरे मूल कोणाचे, जुवाजवळचा माणूस कोण आणि मागच्या बायांपैकी डावीकडून तिसरी कोण, एवढे अजून कळायचे आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो दाखवावा आणि कळल्यास पुढील अंकाआधी गट ऑफिसात निरोप द्यावा.