लशीमुळे मूल स्वमग्न होते काय?

गेल्या पंधरवड्यात एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या घरांतून माझ्या दवाखान्यात आला. पहिल्यांदा एका आजींनी विचारला. नातू दीड महिन्याचा झालेला, त्याला पहिल्या पेंटाव्हॅलंट लशीसाठी न्यायचे होते आणि आजींनी सुनेला अडवून धरले होते. "डॉक्टरसाहेब, हे सुई नाही देली त चालते काय? पुण्याच्या भाचीनं फोनवर दाखवलं, लेकरं मुकी होऊन जातेत म्हणे." दुसऱ्यांदा एका शिक्षक दांपत्याने विचारला. जन्मून एक दिवसही न झालेल्या जिवाला टोचायची एवढी घाई कशाला, असे त्यांचे म्हणणे. तिसरे गृहस्थ खरे म्हणजे काही विचारायला आलेच नव्हते. रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेताना सहज बोलले की, धाकटी मुलगी अकरा महिन्यांची झाली, तिची गोवराची लस मुद्दामच दिलेली नाही. थोरल्या मुलाला स्वमग्नता आहे. त्याला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सतराव्या महिन्यात दिला होता आणि अठराव्या महिन्यात तो बोलत असलेले पाच-सहा शब्दही बोलेनासा झाला. कार्डावरची तारीख आणि मूल गप्प झाले तो महिना, दोन्ही त्यांनी डायरीत शेजारी-शेजारी लिहून ठेवले आहेत.

त्यांच्या संमतीने, नाव-गाव न सांगता हे लिहीत आहे. आजच्या लेखाचे खरे कारण ते गृहस्थच आहेत.

आधी स्वमग्नता म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत तिला ऑटिझम म्हणतात. हे वेड नव्हे, बाहेरची बाधा नव्हे, आणि आईचे दुर्लक्ष तर नव्हेच. मेंदूची जडणघडणच थोडी वेगळी झालेली असते. अशा मुलाला माणसांशी नजर मिळवणे, खाणाखुणा, बोलणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे जड जाते. एकच कृती पुन:पुन्हा करणे, रोजचा क्रम मोडला की अस्वस्थ होणे, मिक्सरच्या आवाजाने कानावर हात ठेवणे असे प्रकार दिसतात. कोणात कमी, कोणात जास्त. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी अशा अकरा मुलांचे वर्णन १९४३ साली प्रसिद्ध केले. गोवराची लस वापरात आली १९६३ साली. म्हणजे लशीच्या वीस वर्षे आधीपासून वैद्यकाला ही अवस्था माहीत होती, आणि मुले तर त्याच्याही आधीपासून असणारच. आपल्याकडे त्यांना 'भोळा' किंवा 'मुका' म्हणून घरात बसवत, एवढेच.

मग त्या वडिलांच्या डायरीचे काय? त्या तारखा खोट्या नाहीत. पण त्या शेजारी-शेजारी येणारच होत्या. स्वमग्नतेची लक्षणे घरच्यांच्या डोळ्यांत भरतात ती साधारण दीड ते दोन वर्षांच्या सुमारास, कारण बोलण्याची अपेक्षा त्याच वयात असते. काही मुले तर थोडे बोलायला लागून नेमकी याच वयात मागे जातात. आणि सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आहे १६ ते २४ महिन्यांत. अमेरिकेत १९९४ मध्ये दोन संशोधकांनी अशा मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती मागवून पाहिल्या. नावाने हाक मारली तर न वळणे, बोट दाखवून वस्तू न दाखवणे, चेहऱ्याकडे न पाहणे ही चिन्हे त्या केक कापण्याच्या गर्दीतही दिसत होती. आईवडिलांच्या ती तेव्हा ध्यानात आली नव्हती.

आपल्या भागातले उदाहरण घ्या. कपाशीवर फवारणी केली आणि आठ दिवसांत पाने लाल पडली की शेतकरी औषधाला दोष देतो. कृषी सहायक सांगतो, हा लाल्या, मॅग्नेशियम आणि नत्राची कमतरता पडली, रात्रीची थंडी वाढली. कोणाचे खरे? ज्याने फवारले नाही त्या शेजाऱ्याच्या वावरात जाऊन पाहायचे. तिथेही पाने तेवढीच लाल असतील तर फवारणी सुटली.

लशीच्या बाबतीत हे 'शेजारचे वावर' डेन्मार्क या देशाने पाहिले. तिथे प्रत्येक मुलाची नोंद सरकारदरबारी असते. १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांचा मागोवा घेऊन २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोवर-गालफुगी-रुबेलाची लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण जास्त-कमी नव्हते. ज्यांच्या थोरल्या भावंडाला स्वमग्नता आहे अशा मुलांचाही त्यात वेगळा हिशेब केला होता. त्यांच्यातही लशीने धोका वाढलेला आढळला नाही. जपानने ही तिहेरी लस वेगळ्याच कारणासाठी, तिच्यातल्या गालफुगीच्या घटकामुळे मेंदूच्या आवरणाला सूज येऊ लागल्याने, १९९३ मध्ये बंद केली. त्यानंतरही योकोहामा शहरात स्वमग्नतेच्या नोंदी वाढतच गेल्या.

तर मग ही शंका आली कुठून? लंडनच्या एका रुग्णालयातील डॉ. अँड्र्यू वेकफिल्ड यांनी १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. अभ्यास किती मुलांचा? फक्त बारा. पत्रकार ब्रायन डीअर यांनी खोलात जाऊन तपास केला तेव्हा उघड झाले की, लसकंपन्यांवर दावा लावणाऱ्या वकिलांकडून डॉक्टरमहाशयांना पैसे मिळत होते आणि मुलांच्या नोंदींतही फेरफार होता. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने तो लेख रद्द केला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने वेकफिल्ड यांचे नाव डॉक्टरांच्या यादीतून काढून टाकले. पण मधल्या बारा वर्षांत तिथले लसीकरण ८० टक्क्यांच्या आसपास घसरले होते आणि आटोक्यात आलेला गोवर पुन्हा मूळ धरून बसला होता. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सत्तेवरच्या मंडळींनीच ही शंका पुन्हा उकरून काढली. नवा पुरावा काहीच नव्हता, पण पुण्याच्या भाचीच्या फोनपर्यंत ती पोहोचली.

शिक्षक दांपत्याचा आणखी एक मुद्दा होता, पाऱ्याचा. तो वाचलेला मुद्दा असल्याने नीट उत्तर देतो. एका बाटलीतून अनेक बाळांना लस देतात तेव्हा ती नासू नये म्हणून काही लशींत थायोमर्सल नावाचे द्रव्य अत्यल्प प्रमाणात घालतात. आपल्याकडील पेंटाव्हॅलंट आणि कावीळ-ब च्या अशा बाटल्यांत ते असते. बीसीजीत, पोलिओच्या थेंबांत आणि ज्या गोवर-रुबेला लशीवर सारा रोष आहे तिच्यात ते नसतेच. थायोमर्सलमधला पारा माशांत साठणाऱ्या विषारी पाऱ्याच्या जातीचा नव्हे. तो रक्तातून थोड्या दिवसांत उतरतो. डेन्मार्कने १९९२ मध्येच मुलांच्या लशींतून ते काढून टाकले, तरी पुढे स्वमग्नतेच्या नोंदी कमी झाल्या नाहीत.

आता यातली सर्वांत मोठी विसंगती. स्वमग्नतेची जी मोजकी कारणे ठामपणे माहीत आहेत, त्यांतले एक म्हणजे गर्भात झालेला रुबेला. गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर तिला स्वतःला जेमतेम ताप आणि पुरळ येतो, पण पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय आणि मेंदू बिघडतो. अमेरिकेत १९६४ च्या सुमारास रुबेलाची मोठी साथ आली. त्या साथीत गर्भातच बाधा झालेली २४३ मुले डॉ. स्टेला चेस यांनी तपासली आणि १९७१ मध्ये अहवाल दिला. त्यांतल्या १८ मुलांत स्वमग्नतेची पूर्ण किंवा अंशतः लक्षणे होती. इतर मुलांच्या मानाने हे प्रमाण कितीतरी मोठे. म्हणजे ज्या लशीला स्वमग्नतेचे कारण म्हणतात, तीच लस तिचे एक खरे कारण टाळते. अकरा महिन्यांच्या मुलीला ही लस नाकारताना आपण तिच्याबरोबर वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या तिच्या बाळाचेही संरक्षण नाकारतो, हे त्या वडिलांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. बाकी कारणे बहुतांशी आनुवंशिक आहेत. वडिलांचे वाढलेले वय, फार अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, गरोदरपणी घेतलेले फिट्सवरचे व्हॅल्प्रोएटसारखे औषध यांनीही धोका वाढतो.

जन्मतःच टोचण्याच्या घाईबद्दल. बाळ जन्मले की बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ-ब ची लस देतात. यांतली कावीळ-ब ची लस २४ तासांच्या आत द्यायची असते, आणि ही घाई उगाच नाही. आईच्या रक्तात हा विषाणू असेल तर प्रसूतीच्या वेळी तो बाळाला लागतो, आणि जन्मतः लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांच्या यकृतात तो कायमचा मुक्काम करतो. पुढे तिशी-चाळिशीत यकृत निकामी होणे किंवा कर्करोग. आईची तपासणी झाली नसेल, झालेली चुकली असेल, तरी लस बाळाला वाचवते. बीसीजी टोचलेल्या जागी दीड महिन्याच्या आसपास फोड येऊन तो थोडा पाझरतो. त्यावर हळद, तेल, मलम काही लावू नये. ते बरे होण्याचेच लक्षण आहे. पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप आणि मांडीला सूज येते. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरते. मी शिकत होतो त्या काळात घटसर्पाने गळा सुजून श्वास कोंडलेले मूल वॉर्डात पाहिले आहे. ज्यांनी ते पाहिले नाही त्यांनाच तापाची भीती अधिक वाटते. त्यात त्यांचा दोष नाही, लशीने तो रोगच नजरेआड केला आहे. गोवर मात्र फार दूर गेलेला नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे, भिवंडीत आणि मालेगावात त्याची साथ आली, बालके दगावली. रुग्णांत लस न घेतलेल्या किंवा अर्धवट घेतलेल्या मुलांचा मोठा भरणा होता.

लशीच्या बाबतीत पालकांनी काही विचारूच नये असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्या जिल्ह्याने तर ते म्हणूच नये. ३१ जानेवारी २०२१ ला पल्स पोलिओच्या दिवशी घाटंजी तालुक्यातील कापसी कोपरी येथे पाच वर्षांखालील बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यांना दाखल करावे लागले. सुदैवाने सारी बरी झाली. तेव्हा विचारायचे असेल तर हे विचारा: ही कोणती लस? बाटली दाखवता का? तिच्यावरच्या गोलातला चौकोन गोलापेक्षा फिका आहे ना? तो गोलाइतका किंवा अधिक गडद झाला असेल तर लस उष्णतेने बिघडली आहे. गोवर-रुबेला आणि बीसीजीची बाटली किती वाजता तयार केली? चार तासांनंतर ती वापरायची नसते. सिरिंज नवी फोडली ना? टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. मागच्या डोसानंतर बाळाला झटके आले असतील, अंगावर मोठ्या गांधी उठून श्वास लागला असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. ही खरी कारणे आहेत. सर्दी-पडसे, दात येणे, घरात लग्न असणे ही नव्हेत.

आता एक कबुली. त्या गृहस्थांचा मुलगा दोन वर्षांचा असताना त्याला माझ्याकडेच आणले होते. "अजून बोलत नाही" ही तक्रार. मी त्याचे कान पाहिले, घसा पाहिला आणि म्हणालो, "बापही उशिराच बोलला होता ना? बोलेल." एवढ्यावर त्यांना परत पाठवले. निदान झाले ते साडेतीन वर्षांनी, नागपुरात. तोवर मधल्या दीड वर्षात नवस झाले, जिभेखालची शीर कापून झाली, सासरमाहेरची भांडणे झाली आणि लशीला दोष देऊन झाला. वाणी-उपचार आणि खेळातून शिकवणे जितके लवकर सुरू होईल तितके मूल पुढे जाते. ते दीड वर्ष माझ्या एका वाक्याने गेले.

म्हणून लशीच्या तारखेबरोबर हेही पाहत चला. नऊ-दहा महिन्यांचे बाळ नावाने हाक मारल्यावर वळते का? वर्षाचे झाल्यावर हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, टाटा करते का? दीड वर्षाला अर्थ असलेले काही शब्द, दोन वर्षांना 'पाणी दे' असे दोन शब्दांचे जोडवाक्य येते का? येत असलेले बोलणे बंद पडले आहे का? यांतले काही खटकले तर 'थांबा आणि पाहा' म्हणणाऱ्याचे, मग तो डॉक्टर का असेना, ऐकू नका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक येते, त्यांना सांगा, किंवा यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात बालरोग विभागात दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि सवलतीही मिळू शकतात.

त्या मुलीचा डोस मागच्या आठवड्यात झाला. दोन महिने उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही. गोवर-रुबेलाची राहून गेलेली लस पाच वर्षांपर्यंत, बीसीजी एक वर्षापर्यंत सरकारी केंद्रात देता येते आणि पेंटाव्हॅलंट पहिल्या वर्षात केव्हाही सुरू करता येते. कावीळ-ब चा जन्माचा डोस तेवढा २४ तासांनंतर हुकतो, तिचे पुढचे संरक्षण मग दीड महिन्यापासून पेंटाव्हॅलंटमधून मिळते. कार्ड हरवले असेल तरी जा. आशाताईंच्या वहीत नोंद असते.