पाणचक्की: एका प्रवाहाची अनेक कामे

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे खाम नदीच्या काठी असलेल्या पाणचक्कीकडे केवळ दळणाचे यंत्र म्हणून पाहिले, तर तिच्या रचनेचे मर्म हातून निसटते. ही चक्की एका खानकाहचा, म्हणजे सूफी साधक, त्यांचे शिष्य आणि वाटसरू यांच्या निवासस्थानाचा, भाग होती व तेथे येणाऱ्यांच्या भाकरीची सोय तिच्यावर होती. मध्य आशियातून दख्खनेत आलेले नक्शबंदी या सूफी परंपरेचे बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा याच आवारात आहे. हैदराबादचा निजाम, निजाम-उल-मुल्क आसफजाह, याच्या पदरी असलेल्या तुर्कताज खान याने येथील इमारती उभारल्या, जमील बेग खान याने चक्कीसमोरील लांबट हौद व कारंजी यांची भर घातली आणि काम पूर्ण झाल्याचे वर्ष सामान्यतः १७४४ असे दिले जाते.

या वास्तूचा पाया शहराच्या जलव्यवस्थेत आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसवली आणि डोंगरपायथ्याचे झिरपते पाणी नहरीने, म्हणजे जमिनीखालच्या बांधीव पाटाने, गावात आणले. पुढे त्याच धर्तीवर ज्या अनेक नहरी झाल्या, त्यांपैकी एक पाणचक्कीची. खापरी नळांतून पाणी निव्वळ उताराच्या बळावर वाहते आणि वाटेत ठिकठिकाणी उभारलेल्या चुनेगच्ची स्तंभांत ते वर चढून पुन्हा खाली उतरत असल्याने नळांत कोंडलेली हवा व दाब दोन्ही मोकळे होतात. शेवटी ते एका उंच भिंतीच्या माथ्यावर पोहोचते आणि तेथून धबधब्यासारखे हौदात कोसळते.

दळण्याची रचना मात्र विलक्षण साधी आहे. उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाला लोखंडी पात्यांचे आडवे चक्र असून पाण्याचा झोत पात्यांवर आदळला की दांडा फिरतो. तो स्थिर असलेल्या खालच्या दगडातून आरपार जाऊन वरच्या दगडाला फिरवतो. उभ्या पाणचक्राला लागणारी दातेरी चाके येथे लागत नाहीत, त्यामुळे मोडण्याजोगे भागही थोडे. हिमालयातील घराट नावाच्या पाणचक्क्या याच तत्त्वावर चालतात. विजेच्या आटाचक्कीतही दोन दगडांमधली घासण तीच आहे, आणि दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावण्याचे, म्हणजे छिन्नीने टोचून पुन्हा खरखरीत करण्याचे, काम दोन्हीकडे अटळ आहे.

स्थापत्याच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध भाग हौदाखाली आहे. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत असून भक्कम खांब व कमानी पाण्याचा सगळा भार पेलतात, आणि डोक्यावरील पाण्यामुळे भर उन्हाळ्यातही हे दालन गार राहते. प्रवासाने थकलेल्यांसाठी याहून उत्तम विसाव्याची जागा दख्खनच्या उन्हात क्वचितच सापडेल. अशा रीतीने एकच प्रवाह धान्य दळतो, हौद भरतो, कारंजी उडवतो, दालन थंड ठेवतो आणि उरलेले पाणी खाम नदीला मिळते. यांतील एकाही कामासाठी पाणी हाताने उपसावे लागत नाही.

म्हणूनच चक्कीचे दगड आणि पाती जपणे पुरेसे नाही. वाढत्या शहराच्या रस्त्यांनी व बांधकामांनी नहरींची बरीच हानी केली आहे, आणि संरक्षित वास्तूची सीमा आवाराच्या भिंतीपाशी न थांबवता डोंगरापर्यंतच्या नहरीच्या संपूर्ण मार्गाला, त्यावरील स्तंभांसह, लागू करणे हाच पाणचक्की चालती ठेवण्याचा एकमेव मार्ग आहे.