पांढऱ्या थारवरचा लाल चिखल

कोकणातला जांभ्याचा चिखल गाडीला लागला की सहजी पिच्छा सोडत नाही. त्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि कण इतके बारीक की पांढऱ्या थार-जिमनीवर धुतल्यानंतरही तांबूस झाक उरते.

वाळलेला चिखल कोरड्या फडक्याने पुसू नका, प्लीज! त्यातली वाळू क्लिअर कोटवर ओरखडे पाडते आणि ते घालवणं डागापेक्षा महाग पडतं. गाडी सावलीत लावा, बॉनेट गार होऊ द्या. मग नुसत्या पाण्याने चिखल भिजवा. प्रेशर वॉशरचं नोझल पत्र्यापासून फूटभर तरी लांब. ढेकळं सुटली की कार शॅम्पूचा फेस मारा आणि तो वाळायच्या आत धुवा. मायक्रोफायबर मिट वरून खाली फिरवा. शॅम्पूची बादली वेगळी, मिट खळबळायची वेगळी. भांड्यांचा साबण नको, वॅक्स उतरतं.

तरी डाग दिसतोय? हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या पत्र्यावरून बोटं फिरवा. खरखर लगेच जाणवते. तिथे भरपूर ल्युब्रिकंट मारून क्ले बार अगदी हलक्या हाताने चालवा. जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, कितीही महागाचा असो. काळ्या प्लास्टिक क्लॅडिंगवर तो वापरायचा नाही. शेवटी वॅक्स किंवा सीलंट लावलं की पुढचा चिखल लवकर सुटतो.

आणि हो, चाकांच्या कमानीत, चासीच्या कोपऱ्यांत अडकलेला चिखल ओल धरून ठेवतो. गंज तिथूनच धरतो. पुढच्या ट्रेलवरून आलात की पाइप आधी तिथे मारा, रंगाचं नंतर बघू.